पाणी कुठपर्यंत आलं होतं?

'पर्यावरण' हा विषय तुम्हाला शाळेत किती मार्कांना होता, आठवतंय? मला नाही आठवत. पण त्याची प्रोजेक्टची वही लख्ख आठवते. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात 'प्रदूषण', 'वनसंपत्ती', 'जलचक्र' अशा रंगीत चित्रांचे कागद मिळायचे. ते आणायचे, कापायचे, चिकटवायचे, खाली स्केचपेननं 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहायचं आणि वही बाईंकडे द्यायची. बाई लाल पेनानं एक बरोबरची खूण करून वही परत द्यायच्या. सगळ्या वर्गाला 'अ' श्रेणी. इतका हमखास पास होणारा विषय दुसरा नाही. आणि इतका कोरा जाणारासुद्धा!

गंमत म्हणजे हा विषय शाळेत आणायला थेट सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलंय. थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर खुशाल खाली उडी मारा. निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं घटनेत आलं. पुढे एम. सी. मेहता हे वकील गंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न घेऊन कोर्टात गेले. त्या प्रकरणात जानेवारी १९८८ मध्ये कोर्टानं केंद्र सरकारला बजावलं की पहिल्या दहा इयत्तांत आठवड्यातून निदान एक तास जंगलं, तळी, नद्या, वन्यजीव यांच्या रक्षणाबद्दल शिकवलं गेलं पाहिजे. मेहतांच्याच दुसऱ्या एका याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. तरी गाडी हलेना, म्हणून २००३ मध्ये एनसीईआरटीला अभ्यासक्रम बनवायला सांगितलं. दरम्यान शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेना आली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा भर पर्यावरण सगळ्या विषयांत मुरवण्यावर होता. आपल्याकडे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' नावाचा विषयही आला.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी साइन-ऑफ झाली, डॉक्युमेंट आलं, रिलीजही झाली. युजरच्या हातात नेमकं काय पडलं, एवढं बघायचं तेवढं राहिलं.

* * *

जून २०२५ पासून मी शनिवारी सकाळी पुण्यातल्या एका महापालिकेच्या शाळेत सातवीच्या वर्गावर जातो. कुठली शाळा ते सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. दक्षिण पुण्यात, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे एवढं पुरे. राज्य सरकारनं २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' सुरू केल्यामुळे शनिवारी पुस्तकाबाहेरचं काही करायला शाळेत थोडी फट मिळते. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही पर्यावरण घ्या. मला त्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची असते." यात टोमणा वगैरे काही नव्हता. या बाईंच्या मागे पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलांचे आधार, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं असं सगळं आहे. उरलेल्या वेळात त्या शिकवतात, आणि खरं सांगतो, फार छान शिकवतात.

पहिल्या शनिवारी मी विचारलं, "पर्यावरण म्हणजे काय?" लगेच पाचपंचवीस हात वर. "झाडं!" "वाघ!" "ओझोन!" "प्लास्टिकबंदी!" सगळं पाठ. मग विचारलं, "आपल्या शाळेच्या मागनं काय वाहतं?"

"गटार."

"त्याला नाव आहे का?"

वर्गात चुळबुळ. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "ओढा म्हणतात, पण ते गटारच आहे ओ सर."

आता बघा, पुस्तकात नदीचा उगम, खोरं, संगम सगळं आहे. अमेझॉन आहे. पण खिडकीतून ज्याचा वास येतो ते पर्यावरणात धरलेलंच नाही. पर्यावरण म्हणजे कुठेतरी लांब, हिरवंगार, आपण एक दिवस सहलीला जातो ते. खाजगी शाळेतली मुलं निदान जंगलात कॅम्पला तरी जातात. ही मुलं शाळा सुटली की ओढ्याच्या काठावर घरी जातात.

आणि ओढा काय साधासुधा आहे? पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या बाजूच्या डोंगरांतून येतो, दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. पूर्वी तो पार गावातून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नळानं पाणी आणलं तेही त्याच काळात. सारसबागेत आपण भेळ खातो तिथे पूर्वी तळं होतं, म्हणून तर तो तळ्यातला गणपती. हे ऐकून मुलांना पहिल्यांदा ओढ्याबद्दल जरा आदर वाटला. "म्हणजे आपलं गटार पेशव्यांच्या टायमाचं आहे!"

मग एका मुलीनं हात वर केला. ही मुलगी कमी बोलते. म्हणाली, "दादा, पाणी येणारे हे आधी कसं काय कळतं?"

(एव्हाना माझा 'सर'चा 'दादा' झाला होता.)

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांना सांगायला नको. थोड्या तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्यासकट दक्षिण पुण्यातले ओढे घरांत, सोसायट्यांत शिरले. अरण्येश्वर भागात भिंत पडून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं त्या पावसात गेली. ही मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला आठवतं ते एवढंच, की बापानं तिला खांद्यावर घेतलं होतं आणि तिचं नवं दप्तर तरंगत दाराबाहेर गेलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या कुठल्याच पर्यावरणाच्या पुस्तकात मला सापडलं नाही. आणि तिला तर याच एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

* * *

ऑक्टोबर १९७७ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावर एक मोठी परिषद भरवली होती. तिथे या शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपली शाळा पहिल्या दोनावर थांबते आणि तिसऱ्यासाठी घोषणा लिहून घेते. पण साक्षरता म्हणजे काय हो? अक्षरं ओळखता येणं नव्हे, न बघितलेला मजकूर स्वतः वाचता येणं. तसंच पर्यावरण साक्षर माणसाला आपला परिसर वाचता यायला हवा. आज पाऊस किती पडला, पाणी कुठनं येतं, कुठं जातं, आपल्या कचऱ्याचं पुढे काय होतं.

म्हणून आम्ही पाऊस वाचायला लागलो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घेतली, सरळ बाजूंची. वरचा भाग कापून उलटा बसवला, झालं नरसाळं. बाटलीच्या बुडाला उंचवटे असतात म्हणून खाली खडे घातले आणि खड्यांच्या वर येईल इतकं पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारली. त्यावर पट्टी चिकटवली. शाळेच्या गच्चीवर मोकळ्या जागी ठेवली. रोज सकाळी साडेआठला वाचायची, कारण आपलं हवामान खातंही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरतं.

मिलिमीटर म्हणजे काय, हे कळायला एक शनिवार गेला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे एकदा बसलं की मजा सुरू होते. शाळेचं पटांगण ३० मीटर बाय २० मीटर. म्हणजे ६०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ३०,००० लिटर. दहा हजार लिटरचे तीन टँकर! एका पटांगणावर! आणि पटांगणावर सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक बसवलेले. मग हे तीन टँकर जातात कुठे? एक मुलगा उठून खिडकीशी गेला आणि पटांगणाच्या कोपऱ्यातली जाळी दाखवून म्हणाला, "ओढ्यात." मग त्याच्या लक्षात आलं की रस्त्याचं, समोरच्या सोसायटीचं, वरच्या टेकडीवरच्या नव्या टॉवरचं, सगळ्यांचे टँकर तिथेच येतात. शहरी पूर यापेक्षा चांगला मला समजावता आला नसता.

क्युसेकही असाच. पावसाळ्यात घरोघरी मोबाइलवर 'खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक' असे मेसेज येतात, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो येतात. पण क्युसेक म्हणजे काय, कोणाला ठाऊक? सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन टँकर. आता मेसेज आला की मुलं टँकर मोजतात. पण यातला महत्त्वाचा धडा वेगळाच: खडकवासल्याचं पाणी मुठेला येतं, ओढ्याला नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते मुठेचं, धरणातून सोडलेलं. त्याची निदान सूचना देता येते. ओढ्याला कोणी 'सोडत' नाही. तो कात्रजकडच्या पावसानं फुगतो. तेव्हा शिवाजीनगरच्या वेधशाळेत पाऊस किती झाला याला आमच्या मुलीच्या लेखी फारसा अर्थ नाही. तिला कात्रजचा पाऊस कळायला हवा.

* * *

ऑगस्टमध्ये मुलांनी २०१९ चं पाणी मोजायचं ठरवलं. प्रश्न सोपा होता: पाणी कुठपर्यंत आलं होतं? बारा घरं, प्रत्येक घरी जाऊन विचारायचं आणि जमिनीपासून टेपनं मोजायचं. उत्तरं एकाहून एक. "देवाच्या फळीपर्यंत." "स्विचबोर्डाच्या खाली चार बोटं." "माझ्या छातीपर्यंत." मुलांनी आजींना भिंतीजवळ उभं करून छाती मोजली.

वहीत बारा आकडे आले आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एका घरी साडेचार फूट, शेजारच्या घरी पावणेतीन. वर्गात भांडण जुंपलं. "तुझी आजी खोटं बोलते!" मी गप्प होतो. शेवटी एका मुलाच्या डोक्यात आलं की काही घरांचा ओटा उंच आहे, काहींचा खोल. म्हणजे शून्य प्रत्येकाचं वेगळं! आपल्याकडे दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसली की लॉग वाचताना होतं, अगदी तस्साच गोंधळ.

आता सगळ्यांचं शून्य एक कसं करायचं? याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. उत्तर एका मुलाच्या वडिलांकडे होतं. ते गवंडी आहेत. पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी घेऊन ते शनिवारी सुट्टी टाकून आले. नळीच्या दोन टोकांतलं पाणी नेहमी एका पातळीत राहतं. एक टोक विजेच्या खांबाशी धरायचं, दुसरं घरातल्या खुणेशी. असं करत करत बाराही खुणा त्या एका खांबावर उतरवल्या. बारा रेघा वीतभर अंतरात आल्या.

वर्गातला तो आवाज मी विसरणार नाही. सहा वर्षांपूर्वीचं पाणी डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं, सपाट, एका पातळीत. कोणाची आजी खोटं बोलत नव्हती. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती सरळ करणारा तो माणूस त्या दिवशी वर्गाचा सर झाला. मुलं त्यांना 'सर' म्हणाली तेव्हा ते इतके लाजले की काय सांगू.

पण गोष्ट इथे संपत नाही. मुलांनी उत्साहात खांबावर निळ्या रंगानं जाड रेघ मारली आणि वर '२०१९' लिहिलं. संध्याकाळपर्यंत वस्तीतली चार माणसं शाळेत. "रेघ पुसा. निळी रेघ बघून उद्या घरं पाडायला येतील."

तुम्ही-आम्ही म्हणू, हे काय भलतंच! पण भलतंच नाही ते. पूररेषेच्या सरकारी नकाशात निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत घर असणं म्हणजे काय, हे या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. तेच ओढ्याकाठी मोठ्या इमारती उभ्या राहतात तेव्हा रेषा जरा लवचीक होते, हेही ते बघत असतात. म्हणून मी शाळेचं नाव सांगत नाही.

रेघ पुसली. त्या मुलीच्या आईनं मार्ग काढला. म्हणाली, "खांबावर नको. वहीत ठेवा. आणि आमच्या आमच्या पायऱ्यांवर आम्ही खूण करतो, आम्हाला कळेल अशी." आता बाराही घरांना आपापली पायरी माहीत आहे. पाणी त्या पायरीला लागलं की रेशन कार्ड, आधार, औषधं आणि दप्तरं पोटमाळ्यावर, म्हातारी माणसं शाळेत. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी पाणी त्या पायरीच्या खाली एक पायरी येऊन थांबलं आणि तासाभरात उतरलं. काही झालं नाही. शनिवारी मुलीनं वही दाखवली: सहा वाजून दहा मिनिटं, अमुक पायरी, साडेसहा, अमुक पायरी, सात पाच, उतरतंय. अक्षर थरथरलेलं होतं. पण नोंद चोख.

* * *

हे काही मी शोधलेलं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत १९७२ मध्ये असंच करून बघण्याचं विज्ञान सुरू झालं होतं. मुलं प्रयोग करायची, शेतात जायची, स्वतःचे निष्कर्ष काढायची. तीस वर्षं चाललं, २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केलं. आपल्या जातकुळीतलं उदाहरण हवं असेल तर अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी करायला लागले, आणि पुढे आयुकात मुलांचं विज्ञान केंद्र त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं.

आम्ही आयटीवाले शाळेत जातो ते बहुतेक ५ जूनला. कंपनीचा टीशर्ट, रोप, फोटो, वडापाव, बस. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप! मला त्यात कोणाची चेष्टा करायची नाही, माणसं मनापासून येतात. पण पटांगणात रोप लावायला वर्षातला एक दिवस पुरतो आणि बाटलीतला पाऊस रोज वाचावा लागतो. शिवाय दुसऱ्या कामात आपण शिकवणारे नसतो. माझ्या वर्गात कचरा वेचणाऱ्या बायकांची मुलं आहेत. 'कचरा करू नका' हे त्यांना शिकवायला मी कोण? एका मुलानं मला बादलीभर पाण्यात दाखवलं: पाण्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो, तिचं झाकण तरंगतं. दोन प्लास्टिक वेगळी, भावही वेगळा. आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेतच नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. 'अ' श्रेणी मिळवून मला हे माहीत नव्हतं.

असो. पुन्हा पावसाळा येईल. आमच्याकडे गच्चीवर एक बाटली आहे आणि ती पुरेशी नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, कात्रजच्या बाजूला, कुठल्यातरी शाळेत दुसरी बाटली हवी आहे. तिथल्या मुलांनी जोराचा पाऊस सुरू झाला की दर अर्ध्या तासानं आकडा वाचायचा आणि आमच्या बाईंना फोनवर कळवायचा. हवामान खातं दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार' म्हणतं. आमच्या ओढ्यासाठी कात्रजला तासाला किती म्हणजे जोरदार, हे दोनतीन पावसाळ्यांच्या नोंदींनंतर मुलंच सांगतील.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, शनिवारी सकाळी दोन तास मोकळे असतील, तर जवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. बाटली, खडे, पट्टी आणि चिकटपट्टी एवढंच लागतं. आणि पहिल्या दिवशी मुलांना विचारा, शाळेच्या मागनं काय वाहतं.